सरत नाही असा भागाकार

मार्गशीर्ष उतरणीला लागला होता. लोह्यातल्या घराच्या ढाळजेत मी पाटी घेऊन बसलो होतो, एकाला सातानं भागत. बाहेर माळेगावच्या यात्रेला निघालेल्या गाड्यांची घुंगरं, घोड्यांच्या टापा, उडती धूळ आणि तिच्यातून येणारा ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ असा घोष. आणि पाटीवर शून्य ओढत ओढत उतरणारे आकडे: एक, चार, दोन, आठ, पाच, सात. बाकी एक. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. पाटी भरली, फडक्यानं पुसली, पुन्हा भरली. दुकानदाराच्या वहीत आमची बाकी अशीच राहायची, म्हणून मला तो शब्दच आवडत नसे.

आजोबांनी वाकून पाहिलं. “भाग जातोय की लेकरा. पन सरत नाही.”

ते सहा आकडे एका ओळीत उभे केले की 1,42,857 होतात. दुप्पट करा, 2,85,714. तिप्पट करा, 4,28,571. चौपट, 5,71,428. तीच सहा माणसं देवळाभोवती फेरी घालतायत, फक्त पुढं चालणारा बदलतोय. पाचपट, सहापट, फेरी मोडत नाही. आणि अर्ध्या फेरीवरचे दोघे नेहमी मिळून नऊ: एक न् आठ, चार न् पाच, दोन न् सात. मग ज्या सातानं ही फेरी सुरू केली, त्याच सातानं गुणावं.

9,99,999.

‘येळकोट’ म्हणजे सात कोट, असा त्या घोषाचा एक अर्थ सांगतात; कानडीत एळु म्हणजे सात. हे मला फार उशिरा कळलं. तोवर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर भेटले होते, पुस्तकातून. 1905 साली डहाणूत जन्मलेले, देवळालीच्या शाळेतले मास्तर. आकड्यांचं वेड लागलेले. 1,42,857 चा वर्ग करा: 20408122449. त्याचे दोन तुकडे पाडा, 20408 आणि 122449, आणि जोडा. इतकं लांब जाऊन, इतकं फुगून, संख्या आपल्या उंबऱ्याशी परत येते: 1,42,857. अशा संख्यांना आता कापरेकरांचंच नाव आहे. हिच्या अंकांची बेरीज 27, आणि 27 नं तिला पुरता भाग जातो. तसल्या संख्यांना मास्तरांनी ‘हर्षद’ म्हटलं, हर्ष देणारी. कोरड्या गणितात इतका ओला शब्द घालायला मास्तरच हवा!

त्या रात्री आजोबा यात्रेहून परतले. अंगाला घोड्यांचा वास, धोतरावर हळदीचे डाग. चिमूटभर भंडारा त्यांनी माझ्या कपाळी लावला. उरलेला पाटीवर सांडला, नेमका शेवटच्या ‘बाकी एक’ वर. सकाळी मी पाटी पुसली. आकडे गेले, लाकडी चौकटीच्या फटीत मात्र पिवळं काहीतरी राहून गेलं, पुढची येळवस आली तरी.