पाण्याच्या ताळेबंदातील वसंत

अहिल्यानगर जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेतला. येथे वसंत येतो तो विहिरींचा तळ दिसू लागल्यावर. तरीही वाड्याच्या गच्चीवर माघात हौसेने आणलेले पेटुनिया दरवर्षी चैत्रात करपत, आणि सासूबाई वाया गेलेल्या बादल्या मोजत. दोष फुलांचा नव्हे, निवडीचा. यंदा सुनेने खरेदीच बदलली. कुंड्यांत अडेनियम लावले : जाड खोडात पाणी साठवणारे, कडक उन्हात फुलणारे; चीक मात्र विषारी, म्हणून नातवंडांच्या हातापासून दूर. अंगणात सोनसावरीचे रोप. पानगळीनंतर फाल्गुनात हिच्या उघड्या फांद्या मोठमोठ्या पिवळ्याजर्द फुलांनी बहरतात. बियांच्या रोपाला फुलायला काही वर्षे लागतात. सासूबाईंचे वय ब्याऐंशी. आळ्यात पहिला तांब्या त्यांनीच ओतला.