बाप्तिस्म्यानंतरची वर्षे

आपल्या वाङ्मयेतिहासांत धर्मांतर ही बहुधा एका ओळीची घटना असते. बाबा पदमनजी, १८५४, बेळगाव. पंडिता रमाबाई, २९ सप्टेंबर १८८३, इंग्लंडमधील वाँटेज. नारायण वामन टिळक, १० फेब्रुवारी १८९५, मुंबई. तारीख आली की लगेच नातलगांचा आक्रोश, समाजाचा बहिष्कार आणि वृत्तपत्रांतला गदारोळ येतो. कोणी काय सोडले याचा हिशेब आपण चोख ठेवतो. त्या माणसाने स्वतःला कशाला वाहिले, आणि ते वाहणे पुरे केव्हा झाले, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. 'धर्मांतर' या शब्दातच एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणे आहे. समर्पणाला असे ठिकाण नसते.

रमाबाईंचेच पाहा. बाप्तिस्मा झाला तेव्हा त्या पंचविशीत होत्या. नवा धर्म स्वीकारला म्हणून त्यांनी आपली बुद्धी कोणाच्या स्वाधीन केली नाही. त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्या सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून वाद घालत राहिल्या. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असे विचारत राहिल्या. शाकाहारही त्यांनी सोडला नाही. ती पत्रे वाचताना ही बाई ख्रिस्ती झाली की ख्रिस्ती धर्माशी भांडायला बसली, असा प्रश्न पडावा. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी स्वतःच नोंदवले आहे की, बाप्तिस्म्यानंतरची कित्येक वर्षे धर्माचा अंगीकार आणि ख्रिस्ताची प्रत्यक्ष ओळख यांत त्यांच्यापुरते अंतर उरले होते. ते अंतर तुटल्यावर मागे राहिला तो केवळ कामाचा डोंगर: केडगावचे मुक्तिसदन, दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली, आणि हिब्रू व ग्रीक शिकून केलेले बायबलचे मराठी भाषांतर. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. अखेरच्या काळातही त्या भाषांतराचेच काम त्यांच्यापुढे होते.

टिळकांच्या बाबतीत अंतर निराळे आहे. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका परक्या गृहस्थाने त्यांना 'नवा करार' दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले आणि दोन वर्षांत ते ख्रिस्ती झाले. पुढे ते मिशनचे काम करू लागले, 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादक झाले. स्थिर आयुष्याला आणखी काय हवे? तरीही १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती धारण केली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सारे अनुयायी तेथे एकत्र यावेत, ही त्यामागची कल्पना. ज्या विधीसाठी त्यांनी घरदार पणाला लावले, त्या विधीचीही चौकट त्यांना अखेर अपुरी वाटली. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. बाप्तिस्म्यापासून दरबारापर्यंत बावीस वर्षे गेली. ती केवळ मधली रिकामी वर्षे नव्हेत. समर्पण परिपक्व व्हायला तेवढा काळ लागला, असेच मला वाटते.

लक्ष्मीबाईंचा मार्ग तर नेमका उलट. पती ख्रिस्ती झाले तेव्हा त्या लहानग्या मुलाला घेऊन काही वर्षे वेगळ्या राहिल्या. कडक सोवळ्यात वाढलेल्या या बाईला कोणाच्या युक्तिवादाने धर्म बदलता येणार नव्हता. 'स्मृतिचित्रे'त आधी जातिभेद कोसळतो. हे भेद देवाने नव्हे, माणसाने केले, ही उमज त्यांना स्वतःच्याच विचारातून येते आणि बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. टिळक आधी उडी घेतात आणि मग खोलीचा अंदाज घेतात. लक्ष्मीबाई पायरी पायरीने पाण्यात उतरतात. परंतु एकदा उतरल्यावर पतीचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे नेऊन त्याचा बहुतांश भाग रचण्याचे काम याच बाईने केले. ज्या मार्गावर त्या अनिच्छेने आल्या असे जगाला वाटले, त्याचाच सर्वांत मोठा ग्रंथ त्यांच्या हातून झाला.

'स्मृतिचित्रे' मी मलकापुरात वर्षानुवर्षे शिकवतो. आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांना ख्रिस्ती धर्म म्हणजे कोल्हापुरातले वायल्डर मेमोरियल चर्च किंवा आजोबांच्या तोंडून ऐकलेले मिरजेचे मिशन हॉस्पिटल, एवढेच ठाऊक असते. एका वर्षी शेवटच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, एवढं सगळं करून त्यांना मिळालं काय?" वर्ग हसला. मी विचारले, "तुमच्या घरी माळ कोणी घातली आहे?" सात-आठ हात वर झाले. मग वेगळे समजावून सांगावे लागले नाही. शाहूवाडीकडच्या खेड्यांत माळ घालणे ही हलकी गोष्ट नाही. तांबड्या-पांढऱ्या रश्शाच्या या मुलखात मटणाचा वास शेजारून आला तरी हललेच नाही, असे मन करावे लागते. दारू सुटते, खोटी साक्ष सुटते, एकादशी लागते आणि पंढरीची वारी चुकवता येत नाही. माळ घालतानाचा विधी काही मिनिटांचा, पण ती निभावणे जन्मभराचे.

माझ्या वडिलांनी माळ घातली होती. "तुझी कधी?" असे आई अजूनही विचारते. मी उत्तर देत नाही, याचे कारण अश्रद्धा नव्हे. गळ्यात तुळशीचे मणी घालून वर्गात, सभेत, घरी तोच माणूस राहणे म्हणजे काय, हे मी वडिलांच्या रूपाने रोज पाहिले आहे. त्यांना कोणी फसवले तरी त्यांचा आवाज चढत नसे. लहानपणी मला तो दुबळेपणा वाटे. आता वाटते की ते रोज सकाळी स्वतःला पुन्हा वाहत असावेत. टिळकांनी आपण ख्रिस्तापाशी तुकोबांच्या वाटेने पोहोचलो असे म्हटले, ते मला याच कारणाने अलंकारिक वाटत नाही. ज्या मातीत माळ घालण्याचा अर्थ ठाऊक आहे, तिलाच बाप्तिस्म्याचा अर्थ कळण्याची शक्यता अधिक.

धर्मांतरावर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते आणि ते बहुधा संख्येच्या भाषेत: किती गेले, किती आले. या तिघांना त्या गणतीत बसवले तर हाती तीन आकडे लागतील. साहित्याच्या अभ्यासकाने त्या तीन आकड्यांच्या मधली वर्षे वाचावीत: रमाबाईंच्या शंका, टिळकांची अस्वस्थता, लक्ष्मीबाईंचा विलंब. संपूर्ण मनाने दिलेला होकार एका दिवसात उच्चारता येतो, पण तो संपूर्ण होता की नाही हे आयुष्य सरल्यावरच ठरते. आईला काय सांगायचे हे मला अजून ठरवता आलेले नाही. मात्र तिचा प्रश्न टिळकांच्या प्रश्नाहून वेगळा नाही, हे आता मला कळते.