आनंदाचं कुलूप

‘आनंदामाइड’ हा शब्द वाचला आणि मी थबकले. आयुष्यभर मराठी-संस्कृत शिकवल्यामुळे दिसेल त्या शब्दाचा संधी सोडवायची खोड आहे. आनंद + अमाइड. सवर्णदीर्घ संधी, अगदी नियमात बसणारा! पहिलं पद आपलं, दुसरं रसायनशास्त्राचं, आणि ही सोयरीक जमली ती जेरुसलेममध्ये, १९९२ साली. आपल्याच मेंदूत तयार होणाऱ्या एका द्रव्याचं हे नाव.

आता मराठी घेऊन बी. ए. झालेल्या बाईने असल्या विषयात कशाला पडावं? तर तसं कारण घडलं. माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. तिचा अठरा वर्षांचा मुलगा परगावी शिकतो. त्याच्या खोलीत गांजा सापडला. हिचा जीव कासावीस, आणि चिरंजीव शांतपणे म्हणतात, “गांजाने कुणी मेलेलं ऐकलंयस का? शिवाय शंकराला चालतो.” याला काय उत्तर देऊ, बाई, म्हणून तिचा फोन. शंकराचं उत्तर सोपं होतं. शंकराला हलाहलही चालतं! पण पहिला प्रश्न खरा होता, आणि खऱ्या प्रश्नाला दटावून गप्प करायचं नाही, हे खडू-फळ्यानेच शिकवलेलं. म्हणून वाचायला बसले.

१९६४ साली इस्राएलमध्ये राफाएल मेशुलम आणि येखिएल गाओनी यांनी हशीशमधलं नशा आणणारं मुख्य द्रव्य, टीएचसी, वेगळं काढलं. त्यासाठीचं पाच किलो हशीश मेशुलमनी पोलिसांकडून मागून घेतलं आणि चक्क बसमधून नेलं! पण हे द्रव्य मेंदूत नेमकं कुठे बसतं, याचा पत्ता लागायला १९८८ साल उजाडलं. अमेरिकेत ॲलिन हाउलेट आणि विल्यम डिव्हेन यांना उंदरांच्या मेंदूत त्याचे रिसेप्टर सापडले. रिसेप्टर म्हणजे पेशीवरचं कुलूप समजा. जुळती किल्ली आली तरच फिरतं. या कुलपाला सीबी१ म्हणतात. मग साहजिकच प्रश्न आला, की रानातल्या एका झाडाच्या किल्लीसाठी आपल्या डोक्यात कुलूप कशाला? घरची किल्ली कुठेतरी असणारच. मेशुलमच्या प्रयोगशाळेत, तिथे गेलेल्या याच डिव्हेनने आणि सहकाऱ्यांनी ती शोधून काढली, डुकराच्या मेंदूतून. (जेरुसलेममध्ये डुकराचा मेंदू! असो.) तेच आपलं आनंदामाइड.

मला गुंतवलं ते मात्र एका नकाशाने. १९९० साली अमेरिकेतल्या माइल्स हर्कनहॅम यांच्या गटाने उंदीर, गिनीपिग, कुत्रा, ऱ्हीसस माकड आणि माणूस यांच्या मेंदूच्या पातळ चकत्या घेतल्या. किरणोत्सारी खूण केलेली किल्ली त्यांवर सोडली. जिथे कुलपं दाट, तिथे फिल्मवर ठसा गडद. (ऱ्हीसस म्हणजे उत्तरेतलं लाल तोंडाचं माकड. वानर नव्हे. वानर तो काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा, हे मी दरवर्षी वर्गात सांगत असे.) सगळ्यांचे नकाशे बरेचसे सारखे निघाले. हालचालींना वळण लावणारा मेंदूचा खोल भाग गडद, तोल सांभाळणारा लहान मेंदू गडद, नव्या आठवणी बांधणारा हिप्पोकॅम्पस गडद. आणि श्वास व हृदय चालवणारा बुडाचा भाग फिकट. अफूची कुलपं श्वासाच्या केंद्रातही असतात, म्हणून अफूच्या जातीची औषधं जास्त झाली की श्वास थांबतो. गांजाने तसं सहसा होत नाही, ते का, याचं कारण या फिकट जागेत आहे.

म्हणजे पोराचं निम्मं खरं होतं. निम्मं माकडाने सांगितलं. २००७ साली पिट्सबर्गच्या एगन आणि लुइस यांनी मॅकाक माकडांच्या मेंदूचा बाहेरचा थर तपासला. नुसतं पाहणं किंवा हातपाय हलवणं ज्यांचं काम, त्या भागांत सीबी१ विरळ. कपाळामागच्या भागात, जिथे विचार होतो, बेत ठरतात, मोह आवरला जातो, तिथे दाट. उंदराकडे हा भाग अगदीच बेताचा. माकडाकडे बराच, आपल्याकडे सर्वांत मोठा. आणि माणसात तो पुरता तयार व्हायला पंचविशी उजाडते.

मी त्या मुलाशी पाऊण तास बोलले. मरत नाही हे खरं, असं आधी कबूल केलं. मग हा नकाशा सांगितला. तो गप्प होता. शेवटी म्हणाला, “म्हणजे अजून सात वर्षं?” म्हटलं, “हो, सात.”

घरच्या किल्लीची एक गंमत मास्तरकी केलेल्यांना विशेष कळेल. मेंदूत निरोप एका पेशीकडून दुसरीकडे जातात. पण या जातीची द्रव्यं उलटी जातात, ऐकणारीकडून बोलणारीकडे. २००१ साली अमेरिकेत आणि जपानमध्ये हे उलगडलं. जणू वर्गातलं एखादं मूल हात वर करून सांगतं, “बाई, जरा हळू!” सांगून झालं की ते द्रव्य थोड्या वेळात विरघळून जातं. बाहेरून आलेलं टीएचसी असं चटकन जात नाही. ते सगळ्या वर्गाला एकदम हात वर करायला लावतं, आणि शरीरातल्या चरबीत मुरून दिवसेंदिवस राहतं.

आणि कुलूप बंदच केलं तर? तेही करून झालं. गांजाने भूक खवळते, तर हे कुलूप अडवून भूक मारावी, या हिशेबाने २००६ साली युरोपात रिमोनाबंट नावाचं वजन कमी करणारं औषध आलं. वजनं उतरली. पण कित्येकांना नैराश्याने घेरलं, आत्महत्येचे विचार येऊ लागले. २००८ साली त्याची विक्री थांबवावी लागली. हे त्या मुलाला सांगायचं राहिलंय. दिवाळीत तो घरी येणार आहे.