रिकामा सौध आणि चित्राचे पाठभेद

इतिहासचित्र हे घडून गेलेल्या प्रसंगाचे प्रतिबिंब असते, असे गृहीत धरले की परिचित वास्तू आणि प्रसंग नव्याने रंगविणारे समकालीन चिनी चित्रकार इतिहासाची मोडतोड करणारे ठरतात. हे गृहीतक मुळातच तपासावयास हवे, आणि त्यासाठी डोंग शीवेन यांच्या ‘राष्ट्रस्थापनेचा सोहळा’ (१९५३) या तैलचित्राकडे वळणे उचित ठरते. १ ऑक्टोबर १९४९ रोजी बीजिंगमधील तिआनमेन या प्रवेशद्वाराच्या सौधावरून माओ घोषणा वाचीत आहेत. मागे नेत्यांची रांग, वर लाल कंदील, समोर चौकातील जनसमुदाय. डुनहुआंगच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केलेल्या या चित्रकाराने रंग उजळ आणि सपाट ठेवले, आणि चौक मोकळा दिसावा म्हणून वास्तूतील एक खांबच वगळला. परिचित वास्तूची पुनर्रचना अशी अधिकृत चित्रातच घडली होती.

खांबानंतर माणसांची पाळी आली. १९५४ मध्ये गाओ गांग सत्तेवरून दूर झाले आणि पुढे चित्रातील त्यांची जागा फुलांनी घेतली. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात लिऊ शाओची वगळले गेले. राजकीय वारे फिरल्यावर, १९७९ मध्ये, त्यांना प्रतिकृतीत पुन्हा स्थान मिळाले. संहिताचिकित्सेच्या परिभाषेत हे पाठभेदच होत. मात्र पाठभेद मान्य करणारी परंपरा मागील पाठ जपते. येथे प्रत्येक नवा पाठ एकमेव म्हणून पुढे आला.

युए मिनजुन (जन्म १९६२) यांनी हाच सौध पुन्हा रंगविला आणि त्यावरील सर्वच माणसे काढून टाकली. याला विडंबन म्हणणे अपुरे आहे. आधीचे पुसणे लपविलेले होते. हे पुसणे उघड आहे. प्रसंग ओळखीचा असल्यामुळे प्रेक्षक रिकामी जागा स्मरणाने भरू पाहतो, आणि तेथे नेमके कोण उभे होते या प्रश्नाशी अडखळतो.

तरीही एक शंका उरते. या रिकाम्या सौधावर पुसणारे आणि पुसले गेलेले सारखेच अनुपस्थित आहेत. १९८९ च्या जूननंतर तर त्या चौकाचे रिकामपण निरागस राहिलेले नाही. याच चित्रकाराच्या ‘देहदंड’ (१९९५) या चित्रात गोळ्या झाडणाऱ्यांच्या हातांत बंदुका नाहीत, समोरची माणसे हसत आहेत, आणि मागे तिआनमेनची आठवण करून देणारी लाल भिंत आहे. २००७ मध्ये लंडनच्या लिलावात ते सुमारे २९ लाख पौंडांना विकले गेले. सूचकता बाजारालाही सोयीची ठरते, हे येथे नाकारता येत नाही.

रिकामी जागा दाखविणे हे चित्राचे कार्य; त्या जागेवरच्या माणसांची नावे उच्चारणे हे वाचकाचे. पहिल्यातच कृतार्थता मानणारी समीक्षा पुसणाऱ्याचेच काम हलके करते.