खिशातला पाना

सायकलच्या मल्टिटूलवर कुणी अख्खा लेख लिहितं का? पण गेले पंधरा दिवस आमच्या घरात पाऊस, सोयाबीनचा भाव, लग्नं हे सगळे विषय मागे पडून या मुठीएवढ्या वस्तूवर खल चालू आहे. म्हटलं, एकदा मांडूनच टाकावं. नात्यातली मंडळी इथे डोकावतातच, म्हणजे प्रत्येकाला वेगळा फोन करायला नको :)

तर प्रकरण असं. माझी भाची बीड तालुक्यातल्या लिंबागणेशला असते. भालचंद्र गणपतीमुळे गावाचं नाव ओळखीचं असेल. मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाणारा रस्ता इथूनच जातो. त्याच रस्त्याने पाटोदा ओलांडून पुढे गेलं की सौताडा, तिथला विंचरणा नदीचा धबधबा आणि खाली दरीत रामेश्वर. भाचीला दोन मैत्रिणींना घेऊन तिथे सायकलने जायचंय. पहाटे निघायचं आणि अंधार पडायच्या आत घरी.

ताईची सायकलला हरकत नाही. धबधब्यालाही नाही. तिचा एकच प्रश्न, "आडरानात सायकल बिघडली तर ह्या पोरी काय करतील? कुणाला हात दाखवतील?" या प्रश्नाला 'काही होत नाही गं' हे उत्तर नव्हे. तिने जे विचारलंय ते शब्दशः घेतलं पाहिजे. भाचीनेही ते तसंच घेतलं. म्हणाली, "मामा, तुम्ही ते घडीचं टूल घेऊन द्या. म्हंजे आईला नाही म्हणायला जागाच राहायची नाही."

आमच्या लहानपणी हा प्रश्न पडत नसे. काळ्या सायकलच्या सगळ्या नटांना एक चपटा पाना पुरायचा, वेगवेगळ्या मापांची भोकं असलेला. आणि नाहीच जमलं तर प्रत्येक मोठ्या गावात सायकलचं दुकान असायचं. तासावर सायकली भाड्याने देणारं, बाहेर पाण्याची पाटी ठेवलेलं. आता त्या जागी बहुतेक ठिकाणी मोटरसायकलची पंक्चर काढून मिळतात. हवा मिळेल, पण गिअरच्या सायकलची चेन तुटली तर तो माणूस तरी काय करणार?

ऑनलाइन बघायला गेलं तर डोकं चक्रावतं. दहा कामांचं टूल, सोळा कामांचं, वीस कामांचं. एकात तर बाटलीचं झाकण उघडायचीही सोय होती. म्हणून मी भाचीला सांगितलं, टूल नंतर, आधी सायकल बघ. सायकल उलटी कर आणि प्रत्येक बोल्टाचा फोटो पाठव. दुसऱ्या दिवशी सत्तावीस फोटो आले!

त्या फोटोंवरून अर्धं काम झालं. सीट, हँडल, ब्रेक, बाटलीचा स्टँड ही सगळी कामं 4, 5 आणि 6 मिलिमीटरच्या ॲलन कीवर होतात. गिअरचे लिमिट स्क्रू फुलीच्या स्क्रू ड्रायव्हरने फिरतात. डिस्क ब्रेकची चकती बसवलेले बोल्ट तारेसारख्या खाचेचे असतात, त्यांना टी-25 लागतो. बस, एवढंच. वीस कामांच्या टूलमधली निम्मी पाती तिच्या सायकलला कधीच लागणार नव्हती, त्यांचं वजन मात्र प्रत्येक चढावर वाहावं लागलं असतं.

पण फोटोंत आणखी एक गोष्ट दिसली, आणि तीच खरी महत्त्वाची. तिच्या सायकलची चाकं क्विक रिलीजची नाहीत, नटांची आहेत. 15 मिलिमीटरचे नट. आणि मी बघितलेल्या एकाही घडीच्या टूलमध्ये 15 चा पाना नव्हता! म्हणजे हजार-दीड हजाराचं चकचकीत टूल खिशात, आणि मागचं चाक निघत नाही म्हणून नवी ट्यूब टाकता येत नाही. पंक्चर चाक न काढताही जोडता येतं हे खरं. आपले पंक्चरवाले तसंच करतात, एका बाजूने टायर उचकटून ट्यूब बाहेर ओढतात. पण ट्यूब फाटली किंवा व्हॉल्व्हच्या बुडाशी गेली तर चाक काढल्यावाचून इलाज नाही. तेव्हा टूलच्या जोडीला एक आखूड 15 चा पाना घ्यायचा हे ठरलं.

दुसरा मुद्दा जमिनीचा. टूल बनवणारे डोळ्यासमोर कुठला रस्ता ठेवतात कोण जाणे, पण बालाघाटावरच्या रस्त्याकडेला बाभळी आहेत, वेडी बाभूळ आहे आणि पाऊस ओसरला की सराटे आहेत. सराटा कसाही पडला तरी त्याचा एक काटा वर असतोच. इथे बोल्ट सैल होण्याआधी दहा वेळा पंक्चर होणार. म्हणून खर्चाचा क्रम उलटा लावला. आधी दोन टायर लिव्हर, एक जादा ट्यूब, ठिगळं, सोल्यूशन, घासकागद आणि छोटा पंप. मल्टिटूल त्यानंतर. आणि ट्यूब मोटरसायकलसारख्या जाड व्हॉल्व्हची. बारीक, लांब प्रेस्टा व्हॉल्व्हला मोटरसायकलच्या दुकानातली हवा भरायला वेगळं ॲडॅप्टर लागतं, ते घरी विसरलं की संपलं.

तिसरा मुद्दा चेनचा. चेन ब्रेकर नसलेली टूलं हलकी आणि स्वस्त असतात, मोह होतो. पण चेन तुटली तर दुसरा कुठलाही जुगाड चालत नाही. ब्रेकरने मोडकी कडी काढायची आणि क्विक लिंकने दोन टोकं जोडायची. लिंक मात्र आपल्या गिअरच्या मापाची हवी. सहा, सात आणि आठ गिअरच्या चेनला एकच लिंक चालते, नऊपासून पुढे वेगळी.

या निमित्ताने एक जुनी गोष्ट आठवली. 1913 च्या 'टूर द फ्रान्स'मध्ये युजीन क्रिस्तोफ या सायकलपटूचा पुढचा चिमटा तूरमालेच्या घाटात मोडला. दुसऱ्याची मदत घ्यायची नाही असा नियम. पठ्ठ्या सायकल खांद्यावर घेऊन दहाहून अधिक किलोमीटर चालत खालच्या गावात गेला, लोहाराच्या भट्टीवर स्वतःच्या हाताने चिमटा जोडला आणि शर्यत पूर्ण केली. तरी पंचांनी त्याला दंड केला. का? तर एका पोराने भाता ओढून दिला म्हणून!

भाचीला ही गोष्ट फोनवर सांगितली. मला वाटलं होतं तिला स्फूर्ती वगैरे येईल. ती म्हणाली, "मामा, आपल्याकडं तर भाता ओढायला अख्खं गाव येईल. हात काळे करायला कुणी न्हाई मिळायचं." पोरीने नेमकं बोट ठेवलं. आपल्याकडे मदतीची वानवा नाही. रस्त्यात थांबलं की पाच जण गोळा होतात, पाणी देतात, चहाला बोलावतात. पण तीन मुली आणि बंद पडलेली सायकल हे दृश्य ताईला कसं दिसतं तेही मला कळतं. आपल्या हाताने वीस मिनिटांत दुरुस्ती करून निघता येत असेल, तर कुणाशी बोलायचं आणि कुणाशी नाही हे मुली ठरवतील. वाट बघत बसावं लागलं तर ते दुसरा कुणीतरी ठरवेल.

शेवटी बारा पात्यांचं, ब्रेकरवालं एक टूल घेतलं आणि गेल्या रविवारी लिंबागणेशला घेऊन गेलो. अंगणात परीक्षा ठेवली. नियम एकच, मामाने हात लावायचा नाही. टूलने सायकलचा प्रत्येक बोल्ट एकदा सैल करून पुन्हा आवळायचा. हे फार गरजेचं आहे बरं का. काही टूलांचं अंग इतकं जाड असतं की बाटलीच्या स्टँडच्या बोल्टाशी ते फिरतच नाही, आणि आखूड पात्याला जोर लागत नाही. हे रस्त्यात नव्हे, अंगणात कळायला हवं.

मग मागचं चाक. पहिल्यांदा पाऊण तास लागला. टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधायचा आणि तो निघाल्याशिवाय नवी ट्यूब घालायची नाही, हे तिला न सांगता सुचलं. दुसऱ्या खेपेला पंचवीस मिनिटं. तोवर ताई चहा घेऊन पायरीवर बसली होती. काही बोलली नाही. कप ठेवला आणि म्हणाली, "अन् त्या दोघींच्या सायकलीचं काय?"

हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. एकीची सायकल शाळेत असताना योजनेतून मिळालेली, साधी, बिनगिअरची. तिला ॲलन कीचा काही उपयोग नाही, सगळे नटच. दुसरीची भावाची जुनी. निघताना तिघींचं सामान एकाच पिशवीत असणार, तेव्हा टूल एका सायकलला नाही, तीन सायकलींना पुरायला हवं. ताईने आतून एक गंजका चपटा पाना आणून भाचीच्या हातात दिला. बाबांच्या सायकलचा. घासून, तेल लावून बघितला. बिनगिअरच्या सायकलचे बहुतेक नट त्याने फिरतात.

परवानगी अजून मिळालेली नाही. पुढच्या रविवारी तिन्ही सायकली अंगणात आणायच्या आहेत, आणि या खेपेला वेळ ताई लावणार आहे.