आमच्या दारची जीप

मनुष्याला रोजच्या व्यवहारात जेवढे बळ लागते तेवढ्यावर त्याचे कधीच समाधान होत नाही. घरात पाच माणसे असली तरी पन्नास पानांची भांडी तो माळ्यावर ठेवतो. ज्याला गावची वेससुद्धा ओलांडायची नसते तो पूर्वजांची तलवार भिंतीवर टांगतो आणि दसऱ्याला तिला गंध लावतो. त्या बळाचा उपयोग होवो वा न होवो, ते आपल्यापाशी आहे एवढ्या जाणिवेवर त्याला स्वस्थ झोप लागते. आम्हीही याला अपवाद नाही. आमची तलवार मात्र भिंतीवर मावण्यासारखी नाही. ती चार चाकांची असून आमच्या इमारतीच्या आवारात दोन खांबांच्या मध्ये अंग चोरून उभी असते.

वाचकहो, आमचे बिऱ्हाड मानपाड्यास आहे. मानपाडे दोन, एक डोंबिवलीच्या बाजूस कल्याण-शीळ रस्त्यावर, दुसरा ठाण्यास घोडबंदर रस्त्यावर. आम्ही ठाण्याच्या मानपाड्यातले. एका अंगास येऊरचा डोंगर व त्यामागे राष्ट्रीय उद्यानाचे अरण्य, दुसऱ्या अंगास अवजड मालमोटारींनी अहोरात्र गजबजलेला हमरस्ता, एवढ्यात आमच्या वस्तीचे वर्णन संपते. आमची कचेरी ऐरोलीस. कापूरबावडी, माजिवडा, नितीन नाका, तीन हात नाका आणि मग मुलुंडवरून खाडीचा पूल हा आमचा नित्याचा मार्ग. अंतर पंधरा किलोमीटरांच्या आतबाहेर. वेळ कधी पाऊण तास, कधी दीड. या मार्गावर चढायला घाट नाही की उतरायला नदी नाही. खड्डे आहेत, पण ते चुकवायला सैन्याची गाडी लागत नाही. असे असता तीन वर्षांपूर्वी आम्ही जुनी छोटी मोटार देऊन टाकली आणि डोंगरदऱ्यांसाठी जन्मास आलेली, जीपच्या कुळातली एक धिप्पाड गाडी दारी आणून उभी केली. ती कोणत्या कारखान्याची हे आम्ही सांगणार नाही. आमच्या तक्रारींचे खापर कोणाच्या माथी फोडण्याची आमची इच्छा नाही. शिवाय चूक गाडीची नव्हती, हे पुढे दिसून येईलच.

घरात हा प्रस्ताव मांडताना आम्ही २६ जुलै २००५ या दिवसाचा आधार घेतला. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती, आणि आमचे वडीलबंधू विक्रोळीहून ठाण्यापर्यंत रात्रभर पाण्यातून चालत आले होते. आई देवापुढे दिवा लावून पहाटेपर्यंत दाराशी बसून राहिली होती. 'पुन्हा तशी वेळ आली तर?' एवढाच प्रश्न आम्ही एका रात्री जेवताना टाकला. या जातीच्या गाड्यांचे पोट जमिनीपासून नऊ इंचांच्या आसपास उंच असते, दोन फूट पाण्यातून त्या सुखरूप बाहेर पडतात, हे आकडेही पाठ करून ठेवले होते. दादा शांतपणे म्हणाले, "त्या दिवशी मी रेल्वेनं गेलो होतो. आपल्याकडे असली गाडी असती तरी ती इथेच उभी असती." या तर्कशुद्ध वाक्याकडे आम्ही दुर्लक्ष केले.

खरे कारण निराळेच होते. आमच्या आजोळी शेजारच्या वाड्यासमोर पाटबंधारे खात्याच्या इंजिनिअरसाहेबांची जीप उभी राहत असे. कापडी छप्पर, मागे अडकवलेले जादा चाक, आणि अंगभर वाळलेला चिखल. ज्या गावास एस. टी. जात नाही तेथेही ही जाते, असे तिचा ड्रायव्हर आम्हां मुलांस सांगे. आम्हांस एकदाच तिच्यात बसायला मिळाले. गाडी जागची हलली नाही, तरीही त्या दुपारी आम्ही सह्याद्रीच्या कित्येक खिंडी ओलांडल्या. पन्नाशीच्या उंबरठ्यावर मनुष्य जे विकत घेतो त्यातले बरेचसे त्याने दहाव्या वर्षीच पसंत करून ठेवलेले असते.

या गाडीचे कुळही मोठे नामांकित आहे. १९४० साली अमेरिकेच्या सैन्याला हलकी, चपळ आणि चारही चाकांना जोर मिळणारी गाडी तातडीने हवी होती. बँटम नावाच्या एका छोट्या कंपनीने पहिला नमुना अवघ्या ४९ दिवसांच्या मुदतीत तयार करून दिला. पुढे विलीज आणि फोर्ड या कारखान्यांनी महायुद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. आपल्याकडे १९४५ साली 'महिंद्रा अँड मोहम्मद' नावाची पोलादाच्या व्यापाराची पेढी निघाली होती. फाळणीनंतर तिच्यातले भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ साली पेढीने 'महिंद्रा अँड महिंद्रा' हे नाव धारण केले. याच पेढीने १९४७ पासून मुंबईत विलीज जीपचे सुटे भाग आणून गाड्या जोडण्यास आरंभ केला. त्यानंतर कित्येक वर्षे जीप म्हणजे सरकार असेच समीकरण होते. मामलेदार यायचे ते जीपमधून, आणि जंगलखात्याचे साहेब यायचे तेही जीपमधूनच. हौसेखातर घरी बाळगण्याची वस्तू ती बऱ्याच उशिरा झाली. राजस्थानच्या वाळवंटाचे नाव धारण केलेली 'थार' २०१० साली आली, २०२० साली तिचा नवा अवतार निघाला, त्यात गिअर आपोआप बदलण्याचीही सोय झाली, आणि २०२४ साली तिला पाच दारे फुटली. आता ही जात शहरातल्या इमारतींच्या आवारांत सर्रास दिसते. घोडबंदर हे नाव घोड्यांच्या व्यापारावरून पडले असे सांगतात. त्या रस्त्यावर घोड्यांची परंपरा निराळ्या रूपाने चालू आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

गाडीच्या बळाची खरी ओळख आम्हांस तिच्याबरोबर मिळालेल्या पुस्तिकेतून झाली. गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक आखूड दांडा असतो. तो सरकवला की इंजिनाचा जोर मागच्या चाकांबरोबर पुढच्या चाकांसही मिळतो. आणखी सरकवला की वेग कमी होऊन जोर वाढतो आणि गाडी मुंगीच्या पावलांनी खडा चढ चढते. हे वाचून आम्ही हर्षभरित झालो. परंतु पुढेच ताकीद होती की कोरड्या डांबरी रस्त्यावर हा दांडा वापरू नये. कारण सोपे आहे. वळण घेताना पुढची चाके मागच्यांपेक्षा थोडा मोठा फेर घेतात. चिखलात वा वाळूत चाक किंचित घसरून हा फरक भागवून नेते. कोरड्या रस्त्यावर घसरायला वाव नसतो, आणि सारा ताण आतल्या दंतचक्रांवर येतो. म्हणजे ज्या बळासाठी आम्ही जादा पैसे मोजले ते मानपाडा ते ऐरोली या रस्त्यावर वापरणे निषिद्ध! उलट, दांडा अजिबात न वापरता ठेवणेही बरे नाही. आतले भाग आखडू नयेत म्हणून अधूनमधून त्याला काम द्यावे लागते. म्हणून महिन्यातून एका रविवारी आम्ही मोकळ्या मातीच्या मैदानात जाऊन शंभर पावले गाडी फिरवून आणतो. शेजाऱ्यांच्या कुत्र्यालाही याहून लांबचा फेरफटका घडत असेल.

बाकीचे अनुभव थोडक्यात सांगतो. आवारात वळवताना तिला दोनदा मागेपुढे व्हावे लागते. खड्ड्यांतून ती निर्धास्त जाते, पण आत बसलेल्या माणसाच्या पोटातले पाणी हलल्यावाचून राहत नाही. मागच्या बाकावर जायचे तर पुढली खुर्ची वाकवून आत शिरावे लागते. उंचावर बसल्यामुळे दूरवरचे दिसते हे खरे. परंतु दूरवर जे दिसते ते म्हणजे पुढे उभ्या असलेल्या गाड्यांची रांग.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे वळतो. आमच्या घरात सात माणसे आहेत, आणि त्यांत सर्वांत वडील आमची आई. तिचे वय बहात्तर. गुडघे त्याहून जुने. गाडी आली त्या दिवशी तिनेच कुंकवाचे बोट लावले, नारळ वाढवायला सांगितला. मग तिला आत बसवण्याची वेळ आली. बैठक तिच्या कमरेच्या वर, आणि पाऊल टेकायला मध्ये काहीच नाही. एका बाजूने आम्ही व दुसऱ्या बाजूने पुतण्याने धरून तिला जवळजवळ उचलूनच वर ठेवले. ती हसून म्हणाली, "अरे, लग्नात मला बैलगाडीत बसवलं, तेव्हासुद्धा एवढी माणसं लागली नव्हती!" सारे हसले, आम्हीही हसलो. तिने आत बसल्यावर कितीतरी वेळ पदर सारखा केला, आणि आवारातली माणसे तोंडाकडे पाहत होती, हे आम्हांस फार पुढे आठवले.

छोटी मोटार होती तेव्हा दर सोमवारी संध्याकाळी आम्ही आईला मासुंदा तलावाकाठच्या कौपिनेश्वरास नेत असू. येताना ती नौपाड्यास मावशीकडे घटकाभर टेकत असे. नवी गाडी आल्यावर पहिले दोन सोमवार ती आली. तिसऱ्या सोमवारी म्हणाली, "आज गुडघा धरलाय." चौथ्या सोमवारी म्हणाली, "देव काय, घरातही आहे." पुढे पुढे आम्ही विचारीनासे झालो. वय झाले, असे मनाशी म्हटले आणि तो विषय मिटला.

गेल्या आषाढात एका सोमवारी दुपारपासून पावसाने ताल धरला. कचेरीतून लवकर सुटका झाली. माजिवड्याच्या अलीकडे रस्त्याच्या सखल भागात गुडघाभर पाणी साचलेले दिसले, आणि खरे सांगायचे तर आम्हांस आनंद झाला. ज्या दिवसासाठी ही गाडी घेतली तो दिवस आला होता! हात आपोआप आखूड दांड्याकडे गेला. परंतु आमच्या पुढे दोन छोट्या मोटारी आणि एक रिक्षा पाण्यात बंद पडून उभ्या होत्या. मागे रांग लागली होती. डावीकडे कठडा, उजवीकडे मेट्रोचे खांब. दोन फूट पाण्यातून जाणारी गाडी दोन फुटांच्या फटीतून जात नाही, हे आम्हांस त्या वेळी कळले. अर्धा तास आम्ही उंच आसनावर कोरडे बसून राहिलो. शेवटी बूट काढले, विजारी दुमडल्या आणि खाली उतरून आणखी चार जणांबरोबर त्या बंद गाड्या एकेक करून ढकलू लागलो. तासाभराने वाट मोकळी झाली. त्या संध्याकाळी उपयोगी पडले ते आमचे हात. दांडा होता तेथेच राहिला.

घरी पोहोचलो तो नऊ वाजून गेले होते. पाय धुऊन देवघराशी आलो तर देवापुढे बेलाची ताजी, ओली पाने. आई कोपऱ्यात भिजलेली पिशवी वाळत घालीत होती. आम्ही विचारले, "आज पावसात कोण गेलं होतं?" आई काहीच बोलली नाही. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आई दर सोमवारी जातात. रिक्षानं. मी असते बरोबर. रिक्षात पाय ठेवायची जागा खाली असते, धरायला दांडा असतो. त्यांचं त्यांना चढता येतं."

"मग मला का नाही सांगितलंस?" आम्ही आईला विचारले.

"तू एवढ्या हौसेनं आणलीस," ती म्हणाली. "मला चढता येत नाही म्हटलं असतं तर तू ती दुसऱ्या दिवशी विकून टाकली असतीस. आणि तुम्ही दोघांनी मला उचलून ठेवायचं, खाली उभं राहून लोकांनी बघायचं, ते काही मला बरं वाटत नाही."

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. २००५ सालच्या रात्री जी दाराशी बसून राहिली होती तिचेच नाव पुढे करून आम्ही गाडी आणली होती. आणि तीच गेली दोन-अडीच वर्षे ऊनपावसात रिक्षाची वाट पाहत नाक्यावर उभी राहत होती, आमची हौस मोडू नये म्हणून. आणि आम्ही मात्र वयाचे निमित्त करून मोकळे झालो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही देवघरातला चौरंग उचलून गाडीकडे निघालो. आईने जिन्यातच अडवले. "देवाच्या चौरंगावर मी पाय देऊ?" चौरंग परत गेला. मग सुताराकडून वीतभर उंचीची, रुंद पायाची एक लाकडी पायरी करून घेतली, आणि दारापाशी हात धरायला मजबूत कडी बसवून घेतली. एकंदर खर्च गाडीच्या एका टायरहूनही कमी आला. आई एक हात कडीला लावते, एक पाऊल पायरीवर ठेवते आणि कोणाच्या आधारावाचून आत बसते. आम्ही त्या वेळी मुद्दाम दुसरीकडे पाहतो.

ज्या घरांत असल्या गाडीचा बेत चालला असेल त्यांस आमची एकच सूचना आहे. दुकानात गाडी पाहावयास जाताना मुलाने आधी चालकाच्या जागी बसू नये. घरातल्या सर्वांत वडील माणसाला बरोबर न्यावे, त्याला हात न देता आत चढावयास सांगावे, आणि मग किंमत विचारावी.

डोंगरदऱ्यांत जाणारे लोक अशा गाडीच्या मागे दोरखंड व फावडे बाळगतात. आमच्या गाडीत ती लाकडी पायरी असते आणि बेलाच्या पानांची पिशवी असते. आखूड दांडा महिन्यातून शंभर पावलांपुरता हलतो. परवा आम्ही कचेरीतून येऊन चहा घेत होतो. आई बाहेर जायचे लुगडे नेसून आली आणि म्हणाली, "सोमवार आहे ना? पायरी काढ."