सिग्नलवरची थरथर

उभ्या गाडीलाही एक थरथर असते. ऑटोमॅटिक गाडी सिग्नलला थांबलेली, दांडा 'डी'वर, उजवा पाय ब्रेकवर, आणि त्या पायाच्या तळव्यातून काहीतरी फार बारीक वर चढत राहतं, पोटरीत रेंगाळतं, गुडघ्यापाशी विरून जातं. त्याला आवाज म्हणवत नाही आणि हालचालही म्हणवत नाही. मधल्या आरशात मागच्या गाडीचे दिवे दिसत असतात, पण त्यांच्या कडा पुसट, कारण आरशालाही तीच कणकण लागलेली. मग हात आपसूक दांड्याकडे जातो, दांडा एक घर पुढे सरकून 'एन'वर येतो आणि गाडी अंग सैल सोडते. तळव्यातलं ते चढणं थांबतं. आरशातले दिवे रेखीव होतात. हुश्श.

संध्याकाळी कर्वे रस्त्यावर, नळ स्टॉपच्या चौकात, हे सुख मी कितीदा तरी घेतलं आहे. ते घ्यावं की नाही हा मात्र वादाचा विषय, आणि तो पुण्यात चारचौघांत काढू नये. शेजारचे काका म्हणतात, सिग्नलला 'डी'वर ठेवलीत तर गिअरबॉक्स तापेल. भाचा म्हणतो, मावशी, सारखा 'एन' करत बसलीस तर आतले क्लच झिजतील. गॅरेजवाला दोघांचंही शांतपणे ऐकून घेतो, हाताचं काळं फडक्याला पुसतो आणि म्हणतो, "ताई, तुम्ही ऑइल तेवढं वेळेवर बदला." या सगळ्यात माझ्या डाव्या पायाचं कुणी नाव काढत नाही.

खरं तर प्रश्न त्याचाच आहे. गुडघा कुरकुरू लागला म्हणून ही गाडी घेतली, आणि ज्याच्यासाठी घेतली तो डावा पाय एका दिवसात बेकार झाला. इतकी वर्षं तो क्लचवर होता. कुठे किती सोडला की गाडी धरते, चढावर किती धरून ठेवला की मागे येत नाही, हे मला शब्दांत कधी सांगता आलं नसतं, पण त्याला ठाऊक होतं. आता तो नुसता पसरलेला असतो. पुढचा लाल दिवा दिसला की अजूनही त्याच्यात काहीतरी जागं होतं, बोटं चपलेत आखडतात, आणि समोर दाबायला काही नाही हे कळून पुन्हा निवतात. मग त्याच्या वाटचं काम हात करतो. दांडा 'एन'वर नेतो. थांबलं की न्यूट्रल, हा संस्कार अंगाला कसातरी पाळायचाच असतो.

हा संस्कार अण्णांचा, माझ्या वडिलांचा. आमच्या जुन्या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला होता, आणि गाडी थांबली की अण्णा तो न्यूट्रलला आणून दोन बोटांनी वर-खाली हलवून बघत. न्यूट्रलमधला गिअर सैल असतो. त्याला कुठे जायचं नसतं, कशाला अडायचं नसतं. त्या सैल हलण्याचा एक मऊ खटखट आवाज होता, आणि तो आला की मागच्या सीटवर आम्हा भावंडांनाही उगाच आपण पोचलो असं वाटे, जरी समोर नुसती म्हशींची रांग रस्ता ओलांडत असली तरी. मग ते क्लचवरून पाय काढत, चप्पल अर्धी बाहेर ओढून टाच मोकळी करत, आणि कोपर खिडकीत ठेवत. क्लच दाबून गाडी उभी ठेवणारा माणूस त्यांना सहन होत नसे. आतलं बेअरिंग झिजतं हे त्यांचं कारण, आणि ते बरोबरच होतं. पण मला आज वाटतं, बेअरिंग हे निमित्त असावं. थांबलेल्या गाडीला विसावा मिळालाच पाहिजे, असं त्यांना मनातून वाटत असणार. बैलगाडी हाकणाऱ्या आजोबांचे ते चिरंजीव होते. थांबल्यावरही जू मानेवर ठेवणं त्यांच्या घरात बसत नसावं.

माझ्या गाडीच्या पोटात मात्र सोडायला जूच नाही. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा आणि त्यांतला एकच लावा. त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पाती हळूहळू फिरू लागतात. टॉर्क कन्व्हर्टरचं मर्म एवढंच. एक पंखा इंजिनाला जोडलेला, दुसरा गिअरबॉक्सला, आणि मधे वाऱ्याऐवजी तेल, बहुधा कुंकवासारखं लाल. शिवाय परतणाऱ्या तेलाला वळण लावून जोर वाढवणारी आणखी एक पात्यांची चकती. थांबलेल्या गाडीत इंजिन आणि चाकं यांच्यात घट्ट असं काही धरलेलं नाही, नुसता प्रवाह. म्हणून गाडी गिअरमध्ये असूनही इंजिन बंद न पडता उभी राहू शकते. 'डी'वर ब्रेक दाबून थांबलो म्हणजे दुसऱ्या पंख्याची पाती आपण धरून ठेवली, आणि पहिला तर फिरतोच आहे. तळव्यातून वर चढतं ते हे. चलायचं का, चलायचं का, असं विचारणं.

हे सुचलं हेरमान फ्योटिंगर नावाच्या जर्मन अभियंत्याला, आणि सुचलं ते मोटारीसाठी नव्हे. तो स्टेटिनच्या जहाजबांधणीच्या गोदीत होता. ते शहर आज पोलंडमध्ये आहे. वाफेची टर्बाइन भरधाव फिरते, जहाजाचा पंखा मात्र सावकाश फिरला तरच पाण्याला नीट ढकलतो. या दोघांचा मेळ दातेरी चाकांऐवजी द्रवाच्या प्रवाहाने घालावा, हे त्याचं १९०५ चं पेटंट. जहाजं बांधणाऱ्या माणसालाच पाण्याचा हा स्वभाव वापरावासा वाटावा, यात मला काही नवल वाटत नाही. नळ स्टॉपला रिक्षा आणि पीएमपीच्या मधे अडकलेली असताना माझ्या पायाखाली कुठल्याशा गोदीतली कल्पना घुसळते आहे, याचं मात्र वाटतं, आणि त्या नवलात एखादा सिग्नल सहज निघून जातो.

तर काकांची भीती. तेल घुसळलं की तापतं हे खरं, पण इंजिन मंद फिरत असताना ती ऊब थोडी, आणि ती वाहून न्यायची सोय गाडीतच असते. भाच्याची भीतीही तशीच. 'एन'वरून 'डी'वर येताना आतले क्लच दर वेळी धरतात, तो हलका धक्का बसतो तोच त्यांचा. पण त्यासाठीच ते बनवलेले असतात. 'एन'वर पेट्रोल किंचित कमी जळतं, इतकं किंचित की त्यावरून घरात भांडण होऊ नये. काही नव्या गिअरबॉक्स तर थांबल्याचं ओळखून आतल्या आत स्वतःच मोकळ्या होतात. आपला हात दांड्याकडे जाण्याआधीच त्यांनी जू उतरवलेलं असतं. आणि २०१४ साली सेलेरिओबरोबर आपल्याकडे रुळलेल्या एएमटी गाड्यांत तेलाचे पंखेच नाहीत. तिथे साधा क्लच असतो, आणि तो एक यंत्र आपल्या वतीने दाबतं. म्हणजे त्या गाडीत सिग्नलला क्लच दाबून बसण्याचा गुन्हा घडतोच, फक्त पाय कुणाचाच नसतो. अण्णा यावर काय म्हणाले असते, देव जाणे.

म्हणून मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. मिनिटभराचा सिग्नल असेल तर 'डी' आणि ब्रेक. ती थरथर मला आता खटकत नाही. उलट तिच्यामुळे पाय जागा राहतो. 'एन'वर पाय ब्रेकवरून निसटला आणि रस्ता उताराचा असला तर गाडी कुणाला न विचारता चालू लागते, आणि मागून हॉर्न आला की घाईत 'एन'मध्येच रेस देऊन वर 'डी' टाकणारे तर मी रोज बघते. ती गाडी कशी दचकते! पुढची रांग हलायची चिन्हं नसली, मिरवणूक असली, की मग 'एन' आणि हँडब्रेक, दोन्ही, आणि दोन्ही पाय मोकळे. रेल्वेचं फाटक पडलेलं असलं तर 'पी' करून इंजिन बंदच. फाटकापाशी बंद गाडीत बसण्यात जे आहे ते कुठल्याच गिअरमध्ये नाही. रुळांच्या खडीचा वास, शेंगदाण्याच्या पुड्या, आणि गाडी दिसायच्या आधी तारांमधून येणारी ती सळसळ.

चालत्या गाडीला मात्र न्यूट्रल कधीच नाही. कऱ्हाडहून चिपळूणला उतरताना हेळवाक मागे पडलं की कुंभार्ली घाटाचं धुकं काचेला लागे, आणि त्या काळी पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून उतारावर गाडी सोडणारे शूर लोक सर्रास होते. कधी एखादा असा मुकाट आमच्या बाजूने घरंगळत पुढे जाई, फक्त टायरांचा आवाज करत. अण्णा मान हलवत. ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा ड्रायव्हर लोकांचा जुना कायदा, आणि आमची गाडी तो पाळत गुरगुरत, नाकाने श्वास रोखत उतरे. इंजिन चाकांना धरून ठेवतं तेव्हा ब्रेकवरचा भार हलका होतो. न्यूट्रलमध्ये ती पकडच सुटते. शिवाय आजच्या गाड्यांत गिअरमध्ये उतरताना पाय रेसवर नसला तर इंजिनाचं पेट्रोलच तोडलं जातं, त्यामुळे त्या शूरांची काटकसरही आता खोटी ठरली आहे. पण कान असे की ऑटोमॅटिकने घाट उतरतानाही मी अजून ती गुरगुर शोधते, आणि ती येईपर्यंत दांडा खालच्या गिअरकडे ओढत राहते.

थांबवून ठेवायचं तर अण्णा पहिला गिअर टाकून चाकाखाली दगड लावत. १९३९ साली अमेरिकेत ओल्डस्मोबिलने हायड्रामॅटिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स विक्रीला आणला, त्यातही 'पी' नव्हता. इंजिन बंद करून रिव्हर्समध्ये टाकायचं, म्हणजे गाडी जागची हलत नसे. त्या श्रीमंत गाडीचे मालकही शेवटी अण्णांसारखंच करत होते, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. दगडाचं काय करत, ते माहीत नाही.

भाची आता गाडी शिकते आहे, ऑटोमॅटिकवरच. परवा मोकळ्या मैदानात तिने विचारलं, "मावशी, मग हे 'एन' ठेवलंय तरी कशाला?"

"ढकलायला," मी म्हटलं.

"गाडी? ढकलायला?"

तिला खरंच माहीत नव्हतं. मग मैदानातच, इंजिन चालू ठेवून, तिला सगळं सांगत बसले. पावसाळ्यातली सकाळ, बॅटरी उतरलेली, शाळेची वेळ झालेली, आणि गल्लीतून हाक घालून जमवलेली माणसं. दुधवाला सायकल भिंतीला टेकवून आलेला, आई पदर खोचून. आधी न्यूट्रलला ढकलायची, वेग आला की अण्णांनी क्लच दाबून सेकंड टाकायचा आणि पाय झटकन सोडायचा. गाडी एक आचका देई, आमचे हात मागच्या पत्र्यावरून सुटत, आणि धुराचा भपकारा सोडून ती जिवंत होई. "ही अशी ढकलून चालू होईल?" भाचीने विचारलं. होणार नाही, इंजिनच बंद, तर आतल्या क्लचना तेलाचा दाब देणार कोण. पण तेव्हा होई, आणि एकदा चालू झाली की अण्णा थांबत नसत, थांबली तर पुन्हा बंद पडायची, म्हणून चौकाला वळसा घालून ते हळूच परत येत, दार आतून उघडं धरून, आणि दप्तरं छातीशी घेऊन आम्ही चिखलातून तिच्या बाजूने धावत असू, आधी धाकटा, मग मी, आणि आई मागून ओरडत असे, "अरे, डबा! डबा राहिला!"